मोळीचा घोडा

गोदावरीचा पूल ओलांडून एसटी गंगाखेडात शिरली, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाच्या घरी निघालात?"

"कुणाच्याच नाही. पालमच्या पुढे एका शाळेत काम आहे."

"मंग जेवायचं कुठं?"

बायको गेल्यापासून दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. बाईंनी ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी पुण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढल्या, त्यामुळे जिभेला धार आणि मित्र मोजके. कारखान्याने खेड्यांतल्या शाळांशी करार केलाय: नववी-दहावीच्या मुलांनी गावातली एखादी अडचण हेरून यंत्र आखायचं, कारखान्याने सामान आणि सल्ला द्यायचा. सल्ला देणारा मी. तीन महिने व्हिडिओ कॉलवर तो दिला आणि आता तयार यंत्र बघायला निघालो होतो.

गंगाखेड सुटलं तसा ऊस विरळ झाला. मग तूर, कापूस आणि काळी रानं. पालमला विज्ञानाचे सर मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांच्या मागे बसून तासाभरात हाडं खिळखिळी झाली.

शाळेच्या पटांगणात यंत्र उभं होतं. गावाने त्याला घोडा असं नावही ठेवलं होतं. लोखंडी पाइपांची चौकट, त्यात एक पाळणा. पाळण्यात उसाची मोळी ठेवायची, लांब दांडा खाली ओढायचा, की पाळणा वर जाऊन खटकन अडकतो. मग खाली डोकं घालून मोळी घ्यायची. हे आखणारी अश्विनी नववीतली, माझ्याशी कॉलवर 'हो सर'पलीकडे कधी न बोललेली.

तिच्यासाठी हा नुसता प्रकल्प नव्हता. आईबाप दर हंगामात ऊस तोडायला जातात. बाप ट्रकात मोळ्या रचतो, आई खालून वाहते, आणि आईला उचलू लागायला (भार डोक्यावर चढवताना हात द्यायला) अश्विनी सोबत जाते. घोडा चालला, तर यंदा ती मावशीकडे राहून शाळा करणार होती. नाही चालला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आईबापांबरोबर तिलाही तोडीला निघणाऱ्या ट्रकात बसायचं होतं.

आई आली. बुटकी, काटक बाई. डोक्यावर चुंबळ ठेवून तिने दांडा ओढला, पाळणा खटकन अडकला, आणि ती खाली जाऊन उभी राहिली. डोकं आणि मोळी यांच्यात चांगलं वीतभर अंतर राहिलं. टाचा उंचावूनही पुरेना.

"उंची कुणी धरली ही?" मी खेकसलो.

सरांनी वही उघडून आत चिकटवलेली आखणीच्या पानाची छापील प्रत दाखवली. अश्विनीने लिहिलं होतं, 'आईच्या डोक्याइतकं.' त्यावर लाल काट मारून शेजारी 'प्रमाणित उंची' आणि आकडा. अक्षर माझं होतं. आखणीच्या त्या पानाचा फोटो मीच दुरुस्त करून पाठवला होता.

"अगं, मग सांगायचं ना मला."

"तुमी पुण्याचे सर," ती खाली बघत म्हणाली. "सरांना चूक हाय कसं म्हणायचं?"

बाप म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर. येईल ती आमच्यासंगं. सवय हाय तिला."

वीज गेलेली, वेल्डिंगवाल्याची कटिंग मशीन बंद. मग मी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि हातकरवतीने घोड्याचे चार पाय कापायला बसलो. अश्विनी पाइप धरून होती. आईने भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा आणून दिला. तळहाताला फोड आले, पण पाळणा वीतभर खाली आला. आई पुन्हा खाली उभी राहिली. मोळी अलगद चुंबळीवर बसली आणि ती चार पावलं चालली.

"आता तुझं काम न्हाई गं बाई," ती हसत लेकीला म्हणाली.

अश्विनी हसली नाही.

सकाळी ट्रक आला. भांडी, चूल, अंथरुणं यांच्यावर घोडा बांधला. ट्रक वळणाआड गेला तरी पोरगी रस्त्यातच उभी होती. मावशीने दोनदा हाक मारली, तेव्हा हलली. माझीही परतीची एसटी होती.

पुण्यात अहवाल लिहिला: प्रकल्प यशस्वी. कारखान्यात शाबासकी मिळाली.

पंधरा दिवसांनी अश्विनीचा फोन आला. "सर, घोडा लय चांगला चालायलाय. आईला कुणी लागत न्हाई."

"आणि शाळा?"

"चालू हाय. आई बाजारच्या दिवशी फोन करती. म्हणत होती, मोळी बांधून झाली की अजूनबी तोंडातून निघतंय, 'अश्विने, हात लाव गं.' अन् मग मागं वळून बघती."

"अभ्यास कर," म्हणालो आणि फोन ठेवला.

माझा मुलगा परदेशात असतो. त्याचं कशावाचून अडू नये, त्याला कधी बापाला हाक मारायची वेळ येऊ नये, म्हणून मी जन्मभर राबलो. तसंच झालं.