खालची ती आपली

बाबांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. मला कधी साधी चापटसुद्धा मारली नाही. सरकारी नोकरी, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरमधलं क्वार्टर, जाड भिंगांचा चष्मा, हळू बोलणं. पण टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की हा माणूस खुर्चीच्या कडेवर यायचा. रिंगमधला कुणी गुडघ्यावर आला की त्यांच्या घशातून एक आवाज निघायचा, जो एरवी घरात कधी ऐकू येत नसे. आई तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

मला क्लबात त्यांनीच घातलं. मी अकरावीत होते. आई म्हणाली, "मुलीचं नाक मोडलं तर कोण निस्तरणार?"

बाबा म्हणाले, "आपल्या घराण्यात मार खायला सगळ्यांना येतं. एकाला तरी द्यायला येऊ दे."

विदर्भातल्या आमच्या गावी आजोबांना भर बाजारात मारलं होतं आणि लहानगे बाबा शेजारी उभे होते, एवढं मला ठाऊक होतं. ते त्याबद्दल बोलत नसत.

क्लब म्हणजे एका शाळेमागचा पत्र्याचा हॉल. कोच फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला चिक्कू. पहिले कित्येक महिने त्यांनी नुसतं पायांवर नाचवलं. मग एकदा रिंगमध्ये माझा उजवा हात समोरच्या मुलीच्या तोंडावर नीट बसला. खांद्यापर्यंत झिणझिणी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. असाच पुन्हा कधी बसेल, एवढंच डोक्यात होतं. घरी येताना बसमध्ये लोक नेहमीसारखे धक्के मारत होते आणि मी जागची हलत नव्हते. बॉक्सिंग मला काय देतं असं कुणी विचारलं, तर मला तीच बस आठवते.

बाबा दर शनिवारी हॉलमध्ये येऊन भिंतीपाशी बसायचे. घरी आल्यावर खाण्यापिण्याकडे स्वतः बघायचे. मला वाटायचं, हे सगळं माझ्यासाठी आहे. तसं ते होतंही, नजफगडची मुलगी येईपर्यंत.

ती माझ्याच वयाची, माझ्याच वजनाची, पण माझ्याहून वीतभर उंच आणि डावखुरी. वडील नव्हते, काकांकडे राहायची. पहिल्याच दिवशी कोचनी मला तिच्यासमोर उभं केलं. तिचा डावा हात कुठून आला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी दोरीला टेकले होते आणि तोंडात रक्ताची चव होती. कोच म्हणाले, "बढ़िया. रोज़ यही दोनों."

त्यानंतर रोज आम्ही दोघीच. हे माझ्या शिक्षणासाठी नाही, तिच्या सरावासाठी चाललंय, हे मला लवकरच समजलं. ती चुकली की कोच थांबवून तिला दाखवायचे. मी चुकले की थांबवायचे नाहीत, कारण माझ्या चुकांवरच ती शिकत होती. एकदा मी हात वर करून थांबायला सांगितलं, तर म्हणाले, "पंचिंग बॅग कभी बोलता है क्या?" हॉलमधली मुलं हसली. तीही हसली.

आणि शनिवारी भिंतीपाशी बसलेले बाबा मोबाइल धरून हे सगळं टिपत होते.

एका रविवारी गाझियाबादहून मामा जेवायला आला. जेवण व्हायच्या आधीच बाबांनी मोबाइल काढला. मामाने चष्मा सावरून पाहिलं. कोपऱ्यात दोन मुली, एक मारतेय, दुसरी वाकून झेलतेय, मग खाली बसली. मामा म्हणाला, "भाऊजी, यातली आपली कोणती?"

"खालची ती आपली," बाबा म्हणाले. "तू ती उभी आहे तिला बघ. डावा कसा टाकते बघ. खांदा हलत नाही रे, समोरच्याला पत्ताच लागत नाही. अशी पोरगी मी इतक्या वर्षांत बघितली नाही."

मी पानावर बसले होते. ओठ फुटलेला होता, भाजीचं तिखट झोंबत होतं. मामाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून भात कालवायला घेतला. बाबांनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला.

त्यानंतर शनिवारी डब्यातून तिच्यासाठीही उकडलेली अंडी जाऊ लागली. ती त्यांना अंकलजी म्हणायची. ते तिला बेटा म्हणायचे. मला ते नावाने हाक मारत.

दिल्लीच्या संघाची निवड जवळ आली आणि सरावात तिचा एक हात माझ्या डाव्या बरगडीवर बसला. डॉक्टर म्हणाले, हाड तुटलेलं नाही, पण महिनाभर विश्रांती. महिनाभर थांबले असते तर निवड हुकली असती. रोज संध्याकाळी आई मला उजव्या कुशीवर झोपवून शेकायची. बाबा दाराशी उभे राहून विचारायचे, "नेमकं कुठे? श्वास घेताना, की वळताना?" आई त्यांना जागा दाखवायची. मला बरं वाटायचं, की विचारताहेत.

वजनगट एकच असल्यामुळे उपांत्यपूर्व फेरीत आम्ही दोघी समोरासमोर आलो. मी हरणार, हे मला माहीत होतं. फक्त शेवटची घंटा होईपर्यंत उभं राहायचं होतं. पहिल्या राउंडमध्ये मी तिला जवळ येऊच दिलं नाही. दुसऱ्या राउंडमध्ये माझा उजवा तिच्या गालावर बसला, चांगला बसला, आणि ती मागे सरकली. हॉलमध्ये कुणीतरी "अरे वाह" म्हणालं. मला पहिल्यांदा वाटलं, कदाचित.

तेवढ्यात खुर्च्यांमधून बाबांचा आवाज आला. हॉलमध्ये कितीही गलका असला तरी स्वतःच्या बापाचा आवाज ओळखू येतो.

"नीचे बेटा! पसली पे, बाईं पसली पे!"

बेटा म्हणजे ती, आणि पसली म्हणजे माझी दुखरी डावी बरगडी. तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. पहिला मी कोपराने अडवला, दुसरा बसला. श्वास आत गेला तो बाहेर येईना. मी गुडघ्यावर होते, रेफरी माझ्यासमोर बोटं मोजत होता आणि मला ती बोटं दिसत होती, पण उठायचं कशाने ते सापडत नव्हतं. त्याने हात हलवून लढत थांबवली.

परतताना ऑटोत बाबा माझ्या शेजारी बसले होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही काय ओरडलात?"

बाहेर बघतच ते म्हणाले, "खेळ बघताना माणूस जे दिसतं ते बोलतो. त्यात आपलं-परकं नसतं."

आईला मी काहीच सांगितलं नाही. सांगायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी लढतीचा व्हिडिओ लावला. आई गव्हातले खडे निवडत होती. मोबाइलमधून गलका ऐकू येत होता, आणि मग त्यावर चढून, अगदी जवळून, त्यांचाच आवाज. फोन त्यांच्याच हातात होता ना. आईचा हात ताटात थांबला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी आवाज बंद केला. मला वाटलं, आता फोन खाली ठेवतील. त्यांनी तो ठेवला नाही. आवाजाशिवाय शेवटपर्यंत बघितलं.

आई उठली आणि त्या दिवसापासून क्लबचा विषय तिने त्यांच्याशी काढला नाही. शेकायला यायची तेव्हा दार लावून घ्यायची.

नजफगडची मुलगी दिल्लीच्या संघातून खेळली, जिंकली, तिचा फोटो छापून आला. तो बाबांनी ऑफिसात दाखवला. पुढच्या वर्षी सरावात तिच्या उजव्या डोळ्यावर मार बसला. आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण डोळा जवळपास गेलाच. बाबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "संपली मग." जेवले. आठवड्याभराने ते मणिपूरच्या कुठल्याशा मुलाच्या लढती बघत होते.

मी तिला भेटायला नजफगडला गेले. अंगणात खाटेवर बसली होती, अंगाने सुटलेली. चहा आला. तिने विचारलं, "अंकलजी कैसे हैं? मैंने कई बार फोन किया. उठाते नहीं."

मी म्हटलं, "ठीक हैं. बिज़ी रहते हैं."

तिने मान हलवली. मग स्वतःहूनच म्हणाली, "वो पसली वाली बात. अंकलजी न बोलते, तो भी मैं वहीं मारती. तू कोहनी चिपका के चल रही थी. अंधे को भी दिखता."

मला हसू आलं, तीही हसली. मग उठून म्हणाली, "गार्ड ले." मी हात वर घेतले. तिने डावा टाकला, तसाच, खांदा न हलवता. तो माझ्या हातांच्या वीतभर अलीकडे थांबला. तिला वाटलं, मी मागे सरकले. तिने पुन्हा टाकला. पुन्हा हवेत. मी मागे सरकले नव्हते, एका डोळ्याने तिलाच अंतर कळत नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने हात खाली घेतला आणि कप उचलून आत गेली. ती परत बाहेर येईना. थोड्या वेळाने तिची काकी आली आणि म्हणाली, झोपली आहे.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा निवडीच्या स्पर्धेत उतरले. बाबांना तारीख सांगितली नाही. आमच्या वजनात मुली मोजक्याच होत्या. एक जिंकले, पुढची हरले, आणि कांस्यपदक मिळालं. कोचनी पदक हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"वो होती तो तू पहले राउंड में घर जाती," ते म्हणाले. "जगह खाली थी, मिल गया."

ते खरं होतं. हॉलमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मी पदक त्यांच्याकडून परत घेतलं, गळ्यात घातलं, आणि घरी जाईपर्यंत काढलं नाही.