पुढच्या दाराचा सेन्सर
त्या हिवाळ्यात मी आठवडाभर नोकरीसाठी लिमरिकला असायचो आणि शनिवार-रविवार लेटरकेनी या दूरच्या आयरिश गावातल्या घरी. बायको तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या ड्यूट्या लांबलचक. त्यामुळे नाशिकहून राहायला आलेले माझे वडील दिवसाचा बराचसा वेळ घरात एकटेच असत.

घरातलं हीटिंग आणि दिवे फोनवरून चालवता येतील अशी व्यवस्था मी केली होती. खोल्यांमध्ये तापमान सांगणारे छोटे सेन्सर होते, दारांना दार उघडल्याचं कळवणारे. ऑफिसात कामाच्या मध्येच मी फोन उघडून बघायचो. बैठकीची खोली उबदार, पुढचं दार बंद. बरं वाटायचं.

जानेवारीत सेन्सर एकेक करून गप्प व्हायला लागले. मी बॅटऱ्या बदलल्या, मग दोन सेन्सरच नवे आणले. मी घरी असलो की सगळे नीट चालायचे. सोमवारी मी लिमरिकला पोचलो की पुन्हा तेच. दोष बिनतारी सिग्नलचा आहे असं धरून मी घराच्या भिंतींना नावं ठेवत होतो.

मग एका दुपारी अख्खं घरच फोनवरून दिसेनासं झालं. बाहेर कडाक्याची थंडी होती. वडील फोन उचलेनात, बायको ऑपरेशनमध्ये. शेवटी शेजारच्या बाईंना फोन केला.

"तुझे वडील ना? एकदम ग्रँड आहेत," त्या त्यांच्या आयरिश इंग्रजीत म्हणाल्या, म्हणजे मजेत आहेत. "माझ्या किचनमध्ये चहा पितायत. देऊ?"

वडील फोनवर आले. मी विचारलं, "बाबा, घरचं इंटरनेट बंद पडलंय का?"

"पडलं नाही. मी बंद करून आलो."

"का?"

"घराबाहेर पडताना मी सगळी बटणं बंद करतो. घरात कुणी नाही तर कशाला चालू ठेवायची? आज तो खिडकीतला डबा पण केला. नुसता लुकलुकत असतो."

डबा म्हणजे राउटर. आणि बाकीच्या बटणांवर जे स्मार्ट प्लग होते, तेच लांबच्या सेन्सरचे निरोप पुढे राउटरकडे पोचवायचे. घरात आम्ही असताना वडील बटणांना हात लावत नसत, म्हणून शनिवार-रविवारी सगळं सुरळीत.

शनिवारी मी त्यांना कुठली बटणं चालू ठेवायची ते दाखवलं. ते विज्ञानाचे मास्तर होते, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या दाराकडे बोट केलं.

"आणि हे?"

"दार उघडलं की मला कळतं."

"म्हणजे मी कधी बाहेर जातो, कधी येतो, ते तुला तिकडे कळतं?"

"हो. बर्फावर घसरलात वगैरे तर…"

"घसरलो तर हे सांगणार आहे का?"

बायकोनं चहा आणला. तिच्याकडे बघत ते मला म्हणाले, "फोन कर की मला. दाराला काय विचारतोस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी चहा अर्धा ठेवला. संध्याकाळी मी दाराचा सेन्सर काढला. टेपबरोबर थोडा रंगही निघाला.

त्यानंतर बाकीचे सेन्सर नीट चालले. मी रोज दुपारी फोन करायचं ठरवलं होतं, पण माझ्याआधी त्यांचाच यायचा. "निघालो रे," एवढं म्हणून ठेवून द्यायचे. कधी मी मीटिंगमध्ये असायचो, मग नुसता मिस्ड कॉल दिसायचा.

एकदा म्हणाले, "आज जात नाही. शेजारीण सांगत होती, रस्ता निसरडा झालाय." मग विचारलं, "तुमच्याकडे बर्फ आहे का?"

मी खिडकीपाशी जाऊन बघितलं आणि सांगितलं, नाही, नुसता पाऊस आहे.