हिंदुराव आण्णांची हाळी

“चाऽऽक येतंयाऽऽ! कोण हाय का आऽऽत?”

सायकलवरून एक पाय खाली टेकून, तळहात गालाशी आडवा धरून हिंदुराव आण्णांनी पाणंदीच्या तोंडाशी अशी हाळी मारली, की पन्हाळ्याच्या तटबंदीतला एखादा सैल चिरा त्या वेळी निसटला असेल तर मला नवल वाटणार नाही. दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीचा ऊस, मधे जेमतेम एक बैलगाडी मावेल एवढी वाट. आत समोरून उसाची ट्रॉली आली तर सायकलवाल्याला बाजूला व्हायला एक वीतभर जागा नाही. म्हणून आण्णांचा दंडक होता: आधी हाळी, मग वीसपर्यंत मोजायचं आणि उत्तर आलं नाही तरच चाक आत घालायचं. त्या दिवशीही त्यांनी मोजलं. उत्तर आलं नाही.

“चला. बाई, तुमी माझ्या मागनं. सायब, तुमी सगळ्यात मागं. तुमच्या पोटाला वाट लागती.”

आम्ही आत शिरलो. त्या हाळीनं उसात कोण झोपेतून उठून उभं राहिलं होतं, हे आम्हाला शंभरेक पावलांवर कळणार होतं.

तिथवर पोचायच्या आधी आण्णा कोण, ते सांगून टाकतो. उचगावात राहायचे. फौंड्रीत उभी हयात मोल्डर म्हणून घालवलेली. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून चढवून गळ्याचं शिंग झालेलं आणि कान निम्मे गेलेले. ते बायकोला “मीठ कमी हाय” म्हणाले की शेजारच्या तीन घरांतल्या बायका आपापली आमटी चाखून बघत. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, आण्णा सायकलवर बसले. बावीस इंची काळी सायकल, मागं कॅरियरला सुतळीनं बांधलेला हत्यारांचा पत्र्याचा डबा. दर रविवारी निघायचे आणि डांबराला चाक लावायचं नाही, ही शपथ. पाणंद, पाटाची वाट, ओढ्याकाठ, बांध. कोल्हापूर ते पन्हाळ्याचा पायथा हे अंतर आण्णा एकाही मोटारीचं तोंड न बघता कापत. वाटेत गावाच्या वेशीला वीरगळ दिसला की उतरायचे, धोतराच्या सोग्यानं त्यावरची धूळ पुसायचे आणि लढून मेलेल्या त्या दगडातल्या माणसाला मोठ्यांदा विचारायचे, “काय मर्दा, बरं हाय न्हवं?” एखाद्या पोरानं हसत विचारलं की हा कोण, तर म्हणत, “आपल्या आधी ह्या वाटंनं गेलेला गडी. नाव माहीत न्हाय म्हणून वळख ठेवायची न्हाय व्हय?”

माझी त्यांची ओळख हायवेच्या पुलावर झाली. बँकेत बसून वाढवलेलं पोट उतरवायला मी एकवीस गिअरची सायकल घेतली होती आणि दोन ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून चाललो होतो. पुलाखालच्या मातीच्या वाटेवरून हाक आली, “ओ पावणं! घरात सांगून आलाय न्हवं?” मी विचारलं, “काय सांगून?” तर म्हणाले, “परत येत न्हाय म्हणून!” पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या मागं. “हायवेवरनं माणूस नुसता पोचतोय,” ते म्हणत, “बघत काय न्हाय.” तिसऱ्या आमच्या कांबळेबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका, अंगानं काडी, पण चढाला माझ्या पुढं. मुलांना इतिहास शिकवण्याआधी तो पायाखाली घालून बघायचा, म्हणून त्या यायच्या.

तर आता पाणंद.

थंडीचे दिवस. सकाळचे आठ वाजत आलेले. आण्णा पुढं, बाई मधे, मी मागं. उजवीकडचा ऊस सळसळला. आण्णांना ऐकू आलं नाही. मला आलं, पण मला वाटलं, डुक्कर असेल. मग ऊस मोडला. एक नाही, दोन नाही, अख्खी ओळ कडाकडा मोडली आणि वाटेवर गवा यायला लागला. यायला लागला म्हणतो, कारण तो एका दमात आला नाही. आधी शिंगं आली, मग खांदे आले, मग बराच वेळ नुसता गवाच येत राहिला. मलकापूरची एसटी गल्लीतून वळण घेताना जशी संपता संपत नाही, तसा. शेवटी चारी पायांचे पांढरे मोजे वाटेवर टेकले आणि तो आमच्याकडं तोंड करून उभा राहिला. आण्णांपासून वीस पावलांवर.

आण्णा थांबले. सायकल हळूच उसाला टेकवली. बाईंनी मात्र ऊस मोडल्याच्या आवाजालाच घाबरून, पुढं न बघताच सायकल वळवायला घेतली आणि पेडल मारलं. थंडीसाठी त्यांनी ओढणी डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती दोन वेढे दिले होते. तिचं सुटं टोक साखळीत गेलं. अर्धा फेरा फिरला असेल नसेल, ओढणीनं बाईंना मानेला धरून खाली खेचलं. सायकल आडवी, बाई आडव्या, गाल साखळीपासून चार बोटांवर. गळ्याभोवती दोरखंडासारखा आवळलेला पीळ. ओरडायलासुद्धा जागा नव्हती, हेच त्यातल्या त्यात बरं झालं.

गव्यानं एक फुत्कार टाकला. खुरानं माती उकरली.

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हिंदुराव आण्णांना कुजबुजताना ऐकलं.

“बाई, हलू नगासा. मी हाय.”

ते गव्याकडं पाठ करून खाली बसले. पुन्हा सांगतो, पाठ करून. एक टन जनावराकडं. त्यांच्या डब्यात पाना होता, पकड होती, ओढणी कापायला पोलादी पातं होतं. पण तो डबा उघडला की त्याचं झाकण असं किंचाळायचं की उचगावात उघडला तर शिरोलीत कळावं. आण्णांनी डब्याकडं एकदा बघितलं आणि हात मागं घेतला. दोन बोटं बाईंचा गळा आणि ओढणी यांच्यामधे घातली, श्वासापुरती जागा केली आणि दुसऱ्या हातानं पेडल उलटं फिरवायला घेतलं.

सायकलचं पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक बोलतं. टिक्.

गव्याचे दोन्ही कान पुढं आले.

आण्णा थांबले. मनात वीस मोजले असावेत. पुन्हा पेडल. टिक्. पुन्हा कान. कापडाची एक बोटभर घडी साखळीतून बाहेर आली. बाईंचा चेहरा काळानिळा पडत होता. मला ओरडावंसं वाटत होतं की लवकर करा, तोडा, फाडा! आण्णांनी माझ्याकडं न बघता ओठांतल्या ओठांत म्हटलं, “घाईनं साखळी निघत न्हाय. बोट निघतंय.”

आणि तेव्हाच मला आठवलं, की दर रविवारी ठीक आठ वाजता माझी बायको फोन करते.

फोन चड्डीच्या खिशात. त्याची घंटा म्हणजे हलगी आणि घुमकं, मीच हौसेनं घातलेली. मी एकेक बोट करून हात खिशात घातला. एवढं सांभाळून मी बँकेच्या तिजोरीतही कधी हात घातला नाही. फोन सापडला. बटण दाबून धरलं. आता हा बंद होणार, माझ्यामुळं सगळे वाचणार, अशी धन्यता वाटू लागली. पण आमचा फोन जुना. बंद होताना तो गाणं म्हणून निरोप घेतो. पाणंदीत ते पिपाणीसारखं वाजलं.

गवा दोन पावलं पुढं आला. मग आणखी दोन, असं करत थेट आण्णांच्या पाठीशी. त्याच्या नाकातली वाफ आण्णांच्या टोपीवर पोचली. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं वाढवलं असेल. आण्णांची पाठ हलली नाही. फक्त ते सरकून थोडे रुंद बसले, मांडी पसरून, आणि पेडल फिरवत राहिले. टिक्. टिक्. शेवटचा वेढा सुटला. ओढणीचं काळं, ग्रीस लागलेलं टोक मोकळं झालं. बाईंनी घेतलेला श्वास उसातल्या वाऱ्यासारखा ऐकू आला. आण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना तसंच निजवून ठेवलं. उठवलं नाही.

किती वेळ गेला, कोण जाणे. मला तर वाटलं, तोवर माझी निवृत्ती होऊन पेन्शन सुरू झाली असेल. मग गव्याला आमचा कंटाळा आला. त्यानं मान वळवली आणि डावीकडचा ऊस मोडत तो निघून गेला. पुष्कळ वेळ ऊस मोडल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

आण्णा उठायला गेले तर उठवेना. मी हात दिला. 

“बाई,” ते म्हणाले, “चूक माझी. निजला हुता त्यो. माझ्या हाळीनं उठला.”

“आण्णा, तुम्ही दर वेळीच हाळी मारता,” बाई घसा चोळत म्हणाल्या.

“मारतोय की. पर ऐकतोय कुठं?”

त्यानंतर आण्णांनी दंडक बदलला. पाणंदीच्या तोंडाशी आधी बाईंना पुढं उभं करायचे, कारण त्यांचे कान शाबूत. “काय ऐकू येतंय वो बाई?” बाई म्हणायच्या, “काही नाही, टिटवी आहे.” मगच हाळी. आणि हाळीसुद्धा पूर्वीची नाही, निम्म्या गळ्याची. म्हणजे आता ती फक्त पुढच्याच गावापर्यंत जायची. माझ्याकडून मात्र त्यांनी निघतानाच फोन काढून घ्यायला सुरुवात केली. तो पत्र्याच्या डब्यात, पान्याच्या शेजारी बसायचा.

गेल्या वर्षी आण्णा गेले. पाणंदीत नाही, डांबरावर तर नाहीच. घरात, दोन दिवसांच्या तापानं. रक्षाविसर्जनाला इतक्या वाटांवरून इतकी माणसं आली, की आण्णांनी कुठं कुठं हाळ्या मारल्या होत्या याचा नकाशाच अंगणात बसल्यासारखं वाटलं. मुरगूडचे त्यांचे व्याही म्हणाले, “सायब, ती गव्याची गोष्ट सांगा की. आमी नुसतीच ऐकून हाय.”

मला सांगायला कुणाचा आग्रह लागत नाही. मी उभा राहिलो. त्या दिवशी गवा दोन टनांचा झाला, शिंगं पाणंदीच्या दोन्ही बाजूंचा ऊस घासायला लागली, डोळे बैलगाडीच्या कंदिलाएवढे झाले. फोनचं तेवढं गाळलं. माणसं पुढं सरकून ऐकत होती. एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती. मी गवा घालवला, तेव्हा अंगणातल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

व्याह्यांना माझी ख्याती ठाऊक असावी. त्यांनी खांबाला टेकून बसलेल्या कांबळेबाईंकडं मान वळवली.

“बाई, तुमी तर तितंच हुतासा. खरंच एवढा मोठा हुता का वो गवा?”

“मला दिसला नाही,” बाई म्हणाल्या. “मधे आण्णा बसले होते.”