दात माझे, तोंड सुलीचं

रेणापूरहून निघताना माझ्या पिशवीत दोन पातळं, चष्म्याची डबी, चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक खोटं होतं. खोटं असं, की माझे दात दुखतात आणि ते मला नांदेडच्या दवाखान्यात दाखवायचेत. खरं सांगायचं तर माझे जेवढे दात शिल्लक आहेत तेवढे अजून फुटाणे फोडतात. पण किनवटला माझी धाकटी बहीण सुली राहते, आणि तिच्या सुनेचा, वैशालीचा, फोन आला होता. म्हणाली, आत्याबाई (म्हणजे तिची सासू, आमची सुली) तिखटाला हात लावत नाहीत, भाकरी दुधात कुस्करून गिळतात. गालाला आतून पांढरं काहीतरी आलंय. दवाखान्याचं नाव काढलं की उठून शेताकडं जातात. आणि त्या पांढऱ्यावर औषध म्हणून काय लावतात, तर मिश्री.

मिश्री म्हणजे तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. आमच्याकडच्या बायका ती बोटानं दातांना लावतात. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, शेजारीण आली म्हणून एकदा आणि ती गेली म्हणून एकदा. दात घासायचे म्हणून सुरू होतं आणि मग दिवसभर दातच घासत बसतो माणूस.

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागायची होती. बाकावर शेजारी टेकलेल्या बाईनं नाव-गाव विचारायच्या आधीच डबी पुढं केली. तिचा दोष नाही. आमच्या भागात अनोळखी बाईशी बोलायला सुरुवात अशीच करतात. मी नको म्हटल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी तिच्या घरचं पाणी नाकारलं.

मला माझीच आठवण आली. लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा गावाची वेस ओलांडताच मी जो हंबरडा फोडला, तो थेट सासरचं दार येईपर्यंत. सासूबाईंचं मन भरून आलं. चार जणींत सांगत सुटल्या, पोरीचा आईवर लई जीव हाय. आईवर जीव होताच, पण रडू त्याचं नव्हतं. मिश्रीची डबी माहेरच्या दिवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) राहिली होती. तिसऱ्या प्रहरी नणंदेनं हळूच तिची डबी सरकवली आणि माझे डोळे टक्क कोरडे झाले. सासूबाई म्हणाल्या, रुळली बाई पोरगी. असं ते ध्यान होतं! पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या स्वतःच्या तोंडात चट्टा निघाला, लातूरच्या डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा कुठं डबी सुटली. सुटली म्हणजे काय, मी घरातल्या प्रत्येकाशी भांडले, मांजरासकट.

गाडी आष्टामोड, चाकूर करत अहमदपूरला थांबली. तिथं भजी चांगली मिळतात आणि चहा वाईट. मी दोन्ही घेतलं. पुढं लोह्यापर्यंत दोन्ही बाजूंना हरभरा काढलेली उघडी रानं, मधेच एखादा करडीचा पिवळा तुकडा. नांदेडला उतरून मी रिक्षानं रेल्वे स्टेशन गाठलं आणि धावत गाडी पकडली. धावत म्हणजे माझ्या मानानं. मुदखेड गेलं, भोकर गेलं, आणि हिमायतनगरच्या पुढं खिडकीतलं सगळं बदललं. सपाट काळी रानं संपून सागाची झाडं सुरू झाली. पानं झडलेली, मधूनच पळस पेटल्यासारखा लाल. किनवटला उतरले तर हवेत मोहाच्या फुलांचा गोडसर वास होता.

सुलीनं माझ्यासाठी येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) केली होती. मला वाढलं आणि स्वतः दूध-भाकरीचा काला घेऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, दात गेले. मी म्हटलं, तोंड उघड बघू. तर म्हणाली, तू कधीपासून डॉक्टर झालीस? दार बंद.

मग मी पिशवीतलं खोटं काढलं. माझे दात, नांदेडचा दवाखाना, वयस्कर बाई, एकटीनं कसं जायचं, पोरं कामात. डोळ्याला पदरही लावला. सुली माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण लहानपणापासून माझी राखण करायची सवय तिला. लगेच म्हणाली, "मी येते आक्का. तुला रिक्षावाले फसवतील." दाराआड वैशाली तोंडात पदर कोंबून उभी होती.

सकाळच्या गाडीला आमच्या डब्यात भोकरहून तीन बायका चढल्या. लग्नाच्या साड्या घ्यायला नांदेडला निघाल्या होत्या. बसल्या बसल्या डबी फिरायला लागली. सुलीनं चिमूट घेतली. माझ्यापाशी डबी आली तेव्हा मी ती मांडीवर ठेवली आणि म्हटलं, थांबा, आधी एक खेळ खेळू. लातूरच्या डॉक्टरांनी शिकवलाय. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधे घालायची. जिची जातील ती जिंकली.

बायकांना खेळ म्हटलं की काय! पहिलीनं घातली आणि त्याच तोंडानं बोलायला गेली, तेव्हा सगळा डबा हसला. दुसरीच्या बोटात अंगठी होती, ती अडकते की काय म्हणून आरडाओरडा झाला. तिसरी लाजत होती, तिनं पदराआड घातली. मी घातली. वरच्या बर्थवर झोपलेला एक म्हातारबाबासुद्धा बघितलं तर तोंडात बोटं घालून पडला होता.

सुलीनं तीन बोटं नेली. ती गेली नाहीत. तिला वाटलं धरायचं चुकलं. दोन केली. दोनही गेली नाहीत. एक बोट गेलं, आणि दुसऱ्याचं टोक दातांवर अडून राहिलं. ती हसत हसत जोर लावायला लागली. गाल ताणला गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसू तसंच राहिलं तोंडावर, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

अंगठीवाली बाई हळूच म्हणाली, बोटं वाकडी धरली की होतं कधी कधी असं. माझ्या मांडीवरची डबी तिनं उचलली आणि पिशवीत टाकली. मुदखेडला गाडी बराच वेळ उभी होती. चहावाला आला, गेला. सुली खिडकीकडं तोंड करून बसली होती. गाडी हलल्यावर वळली.

"आक्का, आपण कुणाचे दात दाखवाय चाललोय?"

मी म्हटलं, "दोघींचे."

"तुझे चांगले हायत. काल तू सुपारी फोडलीस दातानं."

खोटं बोलणाऱ्यानं निदान सुपारी तरी अडकित्त्यानं कातरावी.

नांदेडला आम्ही नसीमआपांकडं उतरलो. त्यांचं घर जुन्या गावात, पिढ्यान् पिढ्या बांगड्यांचं दुकान. आमच्या रेणापूरच्या जत्रेत त्यांचे वडील बांगड्या भरायला यायचे, तेव्हापासूनची ओळख. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ कालवण) केलं. सुलीसाठी खट्ट्यातून मिरची वगळली होती. मी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी आदल्या दिवशी तिला जेवताना पाहिलं होतं.

खाणं झालं, निघायची वेळ झाली, तर सुली दिसेना. मला वाटलं पळाली. मागच्या अंगणात जाऊन बघते तर नळापाशी उकिडवी बसून जोरजोरात मिश्री लावून राहिलेली. पातळ कमरेला खोचलेलं, बोट काळं, तोंड काळं.

"सुले, काय करतीस गं?"

"डॉक्टरीण तोंडात बघणार म्हणली तूच. घाण तोंड घेऊन जाऊ का?"

मी पायरीवर बसले आणि मला हसू आवरेना. नसीमआपा मागून आल्या, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, आग लागली तिथं तू रॉकेल शिंपडून सडा घालून राहिली का?"

सुली मात्र गंभीर होती. तिच्या मते ती स्वच्छतेचं काम करत होती, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या विनाकारण दात काढत होतो. मला तिला फार बोलताही येईना. कारण लातूरच्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा गेले तेव्हा मीही हेच केलं होतं, आणि वर जाताना पदरात थोडी बांधूनही नेली होती, वेळ लागला तर असावी म्हणून.

दवाखान्यातली डॉक्टरीण अगदी तरुण होती. आधी मला खुर्चीत बसवलं, कारण कागदावर माझंच नाव आधी होतं. बघितलं आणि म्हणाली, आजी, तुम्ही कशाला आलात? मी खुर्ची सोडली आणि सुलीला पुढं ढकललं. डॉक्टरणीनं तिला चूळ भरायला लावली, बॅटरी लावली. इतका वेळ ती बडबडत होती, किनवटला जंगल आहे का, वाघ दिसतो का. गालाच्या आत उजेड गेला आणि ती बोलायची थांबली. मला तिच्या गप्प होण्याची भीती वाटली.

सुलीनं सरळ विचारलं, "कॅन्सर हाय का?"

"तुकडा काढून तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण तोंड आखडलंय आणि चट्टा आहे. आलात ते बरं केलंत."

"पर मिश्री लावली की जळजळ थांबते."

"थांबत नाही मावशी. तेवढा वेळ तुम्हाला ती कळत नाही. जखम तिचं काम करतच असते."

हे वाक्य सुलीला लागलं. मग डॉक्टरणीनं समजावून सांगितलं, की तंबाखू भाजली, चघळली, ओढली, नुसती गालात धरली, तरी ती तंबाखूच. सोबतची सुपारीही तोंड आखडवते. दातांना साधा ब्रश आणि पेस्ट पुरते. आणि सवय एकटीनं सुटत नसेल तर दवाखान्यात त्यासाठी मदत मिळते, त्यात लाज नाही.

तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही नसीमआपांकडंच राहिलो. गोदावरीवर गेलो, बाजार बघितला, पण बघितलं काहीच नाही. सुली डबी मागायची, आपा द्यायच्या नाहीत. डबी त्यांनी बांगड्यांच्या खोक्यांत कुठंतरी दडवली होती. सुली रात्री उशीत तोंड खुपसून झोपायची आणि दिवसा आम्हा दोघींना लागेल असं बोलायची.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. त्याच वाटेवरचं होतं, असं डॉक्टरीण म्हणाली. आता थांबलात तर उपाय आहे, तोंडाचा व्यायाम करा, सांगितलेल्या वेळी दाखवायला या, आणि डबीला पुन्हा हात लावला तर मी हमी देणार नाही. सुलीनं ऐकलं, नमस्कार केला, बाहेर आली आणि माझ्यावर उखडली. मी तिला फसवून आणलं म्हणून. मी खोटारडी आहे म्हणून. लहानपणापासूनच होते म्हणून.

किनवटला गेली तर शेजारणी पुन्हा चिमूट देतील, म्हणून पुढच्या तपासणीपर्यंत मी तिला रेणापूरला घेऊन आले. नांदेड ते लातूर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र सगळा बॅकलॉग भरून काढला.

आता रोज सकाळी ती ओट्यावर बसते, तोंड वासायचा व्यायाम करते आणि मधल्या वेळात मला शिव्या देते. चहा कडू, भाजी पचपचीत, घर कोंदट, बहीण वैरीण. गल्लीतून जाणाऱ्याला वाटेल, या घरात भांडण पेटलंय. मी आत भाकरी थापत सगळं ऐकत असते. तिचा आवाज जरा वेळ थांबला, तर मात्र तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी दारापर्यंत जाऊन बघून येते.