माझे दोष, सविस्तर

माझ्या नोकरीच्या अर्जातला एकमेव वाचनीय भाग माझ्या बायकोने लिहिला.

खोपोलीजवळचा आमचा कारखाना बंद पडला आणि स्टोअरकीपरची खुर्ची सोडून मी भिसेगावच्या घरी येऊन बसलो. आठवड्याभरात घरच्यांना माझा कंटाळा आला. (मला वाटलं होतं, महिना तरी जाईल!) शेवटी कॉलेजात जाणारी आमची तन्वी लॅपटॉप उघडून बसली.

"बाबा, तुमचा रेझ्युमे एकदम कोरडा आहे. पर्सनल टच हवा. स्वतःचे दोष लिहा. माणूस प्रामाणिक वाटतो."

"लिही, मी जरा जास्तच मेहनत करतो."

"ते सगळेच लिहितात!"

"मग मला नाहीत दोष."

दारात सुपारी कातरत बसलेल्या माझ्या आईला हसून हसून ठसका लागला. स्वयंपाकघरातून बायको, सुनंदा, हात पुसत बाहेर आली. माहेरचा फोन आला तरी ती इतक्या झटपट येत नाही!

"अहो, तुम्ही बाजारात जाऊन फोटो काढून या," ती म्हणाली. "मी सांगते तिला."

मी फोटो काढून परतलो, तर अर्ज छापून, पाकिटात घालून तयार. मी वाचला नाही. वाचायचं काय त्यात, माझ्याबद्दलच तर होता!

रसायनीला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत जागा होती. तिथल्या साहेबांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"'समोर ठेवलेली वस्तू दिसत नाही.'" साहेबांनी मान वर केली. "स्टोअरकीपरसाठीच आलाय ना?"

"हो, सर."

"'फ्रिजमधलं लोणचं शोधायला हाका मारून माणूस बोलावतात. सापडलं की म्हणतात, मघाशी इथे नव्हतं.'"

एसी चालू असूनही मला घाम फुटला.

"'चूक झाली की तिला गैरसमज म्हणतात.'"

"सर, जरा गैरसमज झालाय..." असं म्हणून मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

साहेबांनी शेजारच्या केबिनमधून आणखी दोघांना बोलावलं आणि पहिल्यापासून जाहीर वाचन सुरू केलं. एक जण टेबल बडवून हसत होता. दुसरा मात्र गंभीर होत गेला. "हे आमच्या घरून तर नाही ना आलं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"लिहिलं कोणी?" साहेबांनी डोळे पुसत मला विचारलं.

"मिसेसनी."

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"सध्या काय करतात?"

"माझ्यावर लक्ष ठेवतात."

"फोन लावा त्यांना!"

मी लावला. स्पीकरवर.

"आता काय विसरलात?" पलीकडून सुनंदा. केबिनमध्ये पुन्हा हास्याचा स्फोट!

"वहिनी, मी कंपनीतून बोलतोय. आम्हाला तयार डबे तपासायला माणूस हवाय. चेपलेले, गळके डबे खुशाल बाहेर जातात, इथे कुणाला दिसत नाहीत. तुमची नजर बघून विचारतोय. येता का?"

पलीकडून सावकाश प्रश्न आला, "आणि यांचं काय?"

"त्यांचं... बघू पुढे."

"माणूस चांगला आहे हो. चांगलंही सांगणार होते मी तन्वीला, पण तेवढ्यात पान संपलं."

मला भरून आलं. चालून आलेली नोकरी बाजूला ठेवून ही बाई आधी माझ्याबद्दल बोलली! मी खिशातून रुमाल काढतोय तोवर तिचा पुढचा प्रश्न आला, "कंपनीची बस भिसेगावला किती वाजता येते?"

आता रोज सकाळी ती बस सुनंदाला घेऊन जाते आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहतो. परवा शेजारच्या काकू आईला विचारत होत्या, "सूनबाई कामाला जाते, मग घर कोण बघतं गं?"

"आमचा परशा हाय की," आई म्हणाली. "बगतो."

आत भाजी ढवळता ढवळता माझी छाती फुगली.

"नुसता बगतो!"