सेतुरावांची बिनआवाजी गाडी

सेतुराव आमच्या क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर आले की गाडीचं इंजिन बंद करत, खाली उतरत आणि तिथून ती गाडी हातांनी ढकलत घरापर्यंत नेत. गाडी साधीसुधी नव्हती. लांबच्या प्रवासासाठी घेतलेली, साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरांची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावलेली. वजन दोन क्विंटलांच्या वर. आवडी या आमच्या कारखान्याच्या गावचं ऊन, पंपहाउसपाशी रस्त्याला असलेला चढ आणि निवृत्तीला टेकलेला हा ठेंगणा माणूस. दारापर्यंत पोचेतो शर्ट पिळून काढावा असा होई. मी एकदा मागून हात लावला तर मान न वळवता, धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "सोड तंबी. माझं ओझं की हे."

या ढकलण्यावर गल्लीत नाना तर्क होते. कुणी म्हणे पेट्रोल वाचवतात, कुणी म्हणे नवस आहे. आमच्या कारखान्यातला एकजण तर त्यांना डॉक्टरने व्यायाम सांगितलाय असं छातीठोकपणे सांगत असे. खरं कारण त्यांच्या बायकोचे, इंदुवहिनींचे कान होतं, आणि ते मला ठाऊक होतं म्हणूनच मी जास्त चिडत असे.

त्यांची माझी ओळख झाली ती एका शब्दाच्या घोळातून. मी साताऱ्याहून बदली होऊन नुकताच आवडीला आलो होतो. कँटीनमध्ये मी घरी फोनवर बोलत असताना हे माझ्या समोर येऊन बसले, फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तंबी, तुला एक ऐकूं की?" मला वाटलं, या परमुलखात कुणीतरी माझं ऐकून घ्यायला तयार आहे. मी सरळ क्वार्टर मिळत नसल्याची कर्मकथा सुरू केली. त्यांनी ती शांतपणे पूर्ण होऊ दिली आणि परत म्हणाले, "ते सरी, बरं. आता मी ऐकतों. तुमचं गांव कुठचं?"

सेतुराव तंजावूरकडचे. त्यांचे पूर्वज राजांबरोबर दक्षिणेत गेले ते तिथेच राहिले. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण चाल तमिळची. तमिळमध्ये ऐकणं आणि विचारणं या दोन्हींना एकच क्रियापद आहे. सेतुरावांच्या घरात मराठीलाही तीच सवय लागली होती. त्यांच्याकडे कुणी काही विचारत नसे, सगळे ऐकत. 'पत्ता ऐकून ये', 'भाव ऐकलास की?' असं सर्रास चाले. मी सुरुवातीला हसायचो. ते म्हणत, "हस तू. तुझी मराठी कालची की. आमची जुनी, पेटींत ठेवलेली." आणि मग स्वतःच खो खो हसत.

त्या काळात त्यांची गाडी गर्जत असे. कंपनीचे सायलेन्सर काढून त्यांनी बाहेरचे बसवले होते, आतून जवळजवळ पोकळ. "गाडी म्हणजे बोलली पाहिजे. मुकी गाडी कशाला पाळायची?" हे त्यांचं तेव्हाचं ब्रीद. दर पोंगलच्या सुट्टीत दोघं नवराबायको त्या गाडीवरून निघत. धनुष्कोडी झालं, तरंगंबाडी झालं, वाल्पारैचा घाट झाला. इंदुवहिनी अंगाने भरलेल्या, बोलायला कमी. सलवार-कमीज घालून, हेल्मेटच्या खाली मोगऱ्याचा गजरा कसाबसा कोंबून त्या मागे बसत आणि नवऱ्याचा पट्टा दोन्ही मुठींत धरत. एरवी संध्याकाळी रेल्वे फाटकापाशी गाडीचा आवाज आला की त्या दूध तापत ठेवत. सेतुराव बूट काढून बसेतो कॉफी पुढे येई. या गोष्टीचा सेतुरावांना फार अभिमान होता. त्यांना गाडीचा आवाज आवडे त्यामागे हेही एक कारण असावं.

मग वहिनींना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या. डाळ करपली, लग्न होऊन गेलेल्या मुलीचा फोन वाजून वाजून बंद पडू लागला, आणि एकदा माझी बायको सुनीता दाराची घंटा वाजवून कंटाळून परत आली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बारीक, उंच आवाज गेलेत, जाड आवाज अजून ऐकू येतात. कानाचं यंत्र लावून बघा. उरलंय ते सांभाळा, मोठ्या आवाजापासून जपा. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी सहज विचारलं, घरात किंवा कामावर फार गोंगाट असतो का? मी माझी कार घेऊन बरोबर गेलो होतो. सेतुरावांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. परत येताना ते एकच वाक्य बोलले. "मीच केलों हे."

डॉक्टरीणबाईंनी तसं म्हटलं नव्हतं. मी त्यांना परोपरीने सांगितलं की घराण्यात असतं, वयाने होतं, कशानेही होतं. त्यांनी स्वतःवर खटला चालवून शिक्षाही ठोठावून टाकली होती. दुसऱ्या दिवसापासून गाडी कोपऱ्यावर बंद होऊ लागली. मिक्सर ते स्वतः मागच्या पडवीत नेऊन, दार लावून चालवत. ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्यासाठी त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण मी पाहिलंय. आणि सर्वांत मोठा हुकूम असा की मनासारखे शांत सायलेन्सर मिळेपर्यंत वहिनींनी गाडीवर बसायचं नाही.

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. कंपनीचे मूळ सायलेन्सर त्यांनी केव्हाच भंगारात दिले होते. नवे मागवून बसवले तर तेही त्यांना मोठे वाटले. मग आम्ही रविवारी पुदुपेटला जाऊ लागलो. गाड्यांच्या सुट्या भागांची ती गल्ल्या-बोळांची पेठ, तिथे जो येतो तो आवाज वाढवायला येतो. सेतुरावांनी आवाज कमी करायचे सायलेन्सर मागितले की दुकानदार त्यांच्याकडे नीट निरखून बघत. एकाने लांबट, आत पडदे घातलेली जोडी दिली. आवाज उतरला, पण गाडीचा जीवही गेला, चढावर धापा टाकू लागली. दुसऱ्याने नळीच्या तोंडात बसवायची जाळीदार बुचं दिली. तिसऱ्याकडे काचेचा कापूस ठासून भरलेली जोडी होती. ती पहिले काही दिवस गोड वागली आणि कापूस जळत गेला तशी पुन्हा भुंकू लागली. प्रत्येक जोडीनंतर, वहिनी देवळात गेल्या की, मला गाडी त्यांच्या दारात उभी करून ॲक्सिलरेटरला पीळ द्यायला लावत आणि स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीत मोबाइलवरचं आवाज मोजायचं यंत्र धरून उभे राहत. खिडकीतून नकाराची मान हले.

मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे, मला असल्या अर्धवट शास्त्राची चीड येते. मी त्यांना सांगितलं की महामार्गावर गाडीने वेग घेतला की सायलेन्सरपेक्षा वाऱ्याचा आवाज जास्त असतो. हेल्मेटमध्ये जो घोंगावतो तो वारा. वहिनींना कानात घालायचे बोळे द्या आणि खुशाल जा. त्यांना ते पटायचंच नव्हतं. "वारा देवाचा. सायलेन्सर माझा," म्हणाले. पूर्वीचं ब्रीद जाऊन आता नवं आलं होतं, आणि ते गल्लीतल्या प्रत्येक पोराला थांबवून ऐकवत. "आपल्या गाडीचा आवाज म्हणजे आपलं उष्टं. दुसऱ्याच्या कानांत वाढूं नये." पोरं हसत आणि बुलेट उडवत निघून जात.

या सगळ्यात पोंगल आला आणि गेला. पुढचाही गेला. दोघं कुठेच गेली नाहीत. इंदुवहिनी संध्याकाळी खिडकीत बसलेल्या दिसत, तोंड गल्लीकडे. कानाचं यंत्र त्या काढून ठेवत, त्यातून भांड्यांचा नुसता खणखणाट येतो म्हणत. सुनीता जाऊन बसे, दोघींचं हातवाऱ्यांनी काहीबाही चाले. घरी आली की सुनीता म्हणे, "त्या सारख्या रस्त्याकडे बघतात हो." मी म्हटलं, बघणारच, घरात दुसरं काय आहे. मला तेव्हा सायलेन्सरच्या पलीकडचं दिसत नव्हतं हे खरं, पण दिसलं असतं तरी सेतुराव ऐकणारे नव्हते.

शेवटी एकदाची जोडी मिळाली. इरुंगाट्टुकोट्टैला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचा एक भाचा आहे, त्याच्या ओळखीने त्यांनी ती मापं देऊन बनवून घेतली. लांब, जाड पत्र्याची, आतून दुहेरी. रविवारी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना साक्षीदार म्हणून बोलावलं. वहिनी व्हरांड्यात शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. सेतुराव कोपऱ्यावरून आले ते इंजिन चालू ठेवून, गाडीवर बसून. किती काळाने. गाडी शिवणयंत्रासारखी नुसती घुमत होती. ती थेट पायरीपाशी येऊन थांबली आणि वहिनींनी मान वर केली नाही. मुलाने पहिला नंबर आणल्यावर बाप बघतो तसं सेतुरावांनी आमच्याकडे पाहिलं.

मग त्यांनी वहिनींच्या खांद्याला हात लावला, गाडी दाखवली, मागच्या सीटवर थापटलं आणि मोठ्याने, सावकाश सांगितलं की आता बसायचं, येत्या पोंगलला जायचं. वहिनींनी गाडीकडे पाहिलं. विचारलं, "चालू आहे?"

"हौ की," सेतुराव म्हणाले आणि मान डोलावली.

वहिनींनी पाल्याचं सूप बाजूला ठेवलं. त्या कधी फार बोलत नसत, आणि आवाज किती लावायचा हे कळत नसल्याने हळू बोलत. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने बोलल्या. "अस्कं गेलं माझं, एकूणएक. शिट्टी गेली, घंटा गेली, पोरीचा आवाज गेला. तुमची गाडी तेवढी ऐकूं येत होती. फाटकापासून. ती बंद केलांत."

"डॉक्टर बोलल्या—" सेतुराव म्हणाले. त्यांच्या ओठांवरून वहिनींना ते कळलं.

"डॉक्टराला ऐकलांत," त्या म्हणाल्या. "मला ऐकलांत की?"

मी त्यांची मराठी इतकी वर्षं ऐकतोय, पण त्यांनी तो शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सेतुरावांनाही ठरवता आलं नसावं. ते पायरीवर बसले. सुनीताने मला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही निघालो. घरी आल्यावर मला त्या माणसाचा अतोनात राग आला होता आणि त्याच वेळी त्याची दयाही येत होती. बायकोवर एवढा जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तिला एकदा विचारावं एवढं मात्र त्याला सुचलं नव्हतं.

सेतुराव आता निवृत्त होऊन तंजावूरला राहतात. मधूनमधून फोन येतो. ते वहिनींची चौकशी करू देत नाहीत, आपणहून सांगतात. लोकांना त्यांच्याबद्दल विचारलं की त्यांचं गाडी ढकलणंच आठवतं. मला त्या रविवारनंतरचा एक दिवस आठवतो.

त्या शांत जोडीला त्यांनी आठवड्याभरात रजा दिली आणि पहिल्यासारखे पोकळ सायलेन्सर शोधायला पुन्हा पुदुपेट पालथं घातलं. आपले जुने त्यांनी रागाने केव्हाच मोडीत काढले होते, आणि तसेच मिळेनात. एका दुकानात दिसला तो एकाच बाजूचा होता. दुसऱ्या बाजूचा मिळवण्यात पावसाळा गेला. दरम्यान वहिनींच्या तपासण्या पुन्हा झाल्या होत्या. जाड आवाजही आता जवळजवळ संपले होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की हे व्हायचंच होतं, गाडीचा याच्याशी संबंध नाही, तेव्हाही नव्हता. सेतुरावांनी ते ऐकून घेतलं आणि तिथून उठून थेट सायलेन्सर बसवायला गेले.

संध्याकाळी रेल्वे फाटकापासूनच गडगडाट ऐकू आला. गल्लीतली माणसं दारांत आली. सेतुराव कोपऱ्यावर थांबले नाहीत. दारापाशी आले, गाडी उभी केली आणि पीळ द्यायला लागले. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आत स्वयंपाकघरात वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या, काहीतरी ढवळत. सेतुरावांनी अजून पीळ दिला. समोरच्या घरातलं तान्हं मूल रडायला लागलं, कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं, त्यांची नजर खिडकीतून हलत नव्हती. शेवटी मी जाऊन किल्ली फिरवली. त्यांनी मला अडवलं नाही. हँडलवर हात तसेच ठेवून ते वाकून बसून राहिले.

थोड्या वेळाने वहिनी भांडं पुसत बाहेर आल्या, दारात जमलेल्या आम्हा सगळ्यांना पाहून चपापल्या आणि नवऱ्याकडे बघून हसल्या.

"कधी आलांत?" त्यांनी विचारलं.