साडेतीन फुटांचा रस्ता

कोर्टात खटले साचतात, हे सगळ्यांना माहीत आहे. किस्से त्याहून जास्त साचतात, कारण ते कुणी निकाली काढत नाही. दुपारच्या सुट्टीत बार रूममधल्या आमच्या टेबलावर रोज दोन-तीन नवे दाखल होतात. मी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात बावीस वर्षं दिवाणी वकिली करतोय आणि लोकांना हसवण्यात माझा नंबर बरा आहे. माझा जोडीदार वानखेडे. सदरला त्याचं ऑफिस. दहातल्या चार केसेसमध्ये तो माझ्याविरुद्ध उभा असतो आणि सुट्टी झाली की माझ्याच डब्यातली भाजी खातो.

पण काही किस्से मी त्या टेबलावर अर्धेच सांगतो. कन्हानच्या चंद्रकलाबाईंचे सगळे त्यातले. आज पूर्ण सांगून टाकतो.

* * *

चंद्रकलाबाई पहिल्यांदा माझ्या मनीषनगरच्या घरी आल्या, तेव्हा पिशवीत ना नकाशा, ना कागद. सुतळीचा एक तुकडा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ताणून धरला.

"एवढी जागा पायजे, साहेब. जास्तीची नको."

ती साडेतीन फुटांची सुतळी म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या तीनचाकी सायकलची रुंदी. सुखदेवराव कोळशाच्या खाणीत होते. तिथल्या अपघातात दोन्ही पाय निकामी झाले आणि हाताने चालवायची ती सायकल आली. रोज सकाळी घरासमोरच्या बोळातून चौकात जायचं, चहाच्या टपरीवर चार मित्रांत बसायचं, जेवायला परत यायचं. एवढंच त्यांचं जग होतं आणि त्यात ते खूश होते. आता शेजाऱ्याने त्या बोळाच्या तोंडावर भिंत घालायला घेतली होती. मागच्या दाराने जायचं तर दोन पायऱ्या आणि पुढे उघडी नाली.

"मी जाईन कुठूनबी," त्या म्हणाल्या. "ह्यांचं काय?"

भिंत किती झाली, असं मी विचारलं. त्यांनी हात गुडघ्याशी नेला.

* * *

दावा लावला, भिंत थांबवायला मनाई हुकमाचा अर्ज टाकला. सुनावणी लागली ती उन्हाळी सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी. शेजाऱ्यातर्फे उभा कोण, तर वानखेडे! त्याच दिवशी त्याच्या मुलीचा साखरपुडा. त्याने पुढची तारीख मागायचा अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "लिही ना यार, हरकत नाही."

आमच्यात ही रीतच आहे. आज त्याची अडचण, उद्या माझी. मी त्याच्याच पेनाने 'हरकत नाही' लिहिलं, सही केली आणि संध्याकाळी साखरपुड्याला जाऊन दोन वाट्या बासुंदी खाल्ली. सुट्टीतही तातडीच्या कामाला एक न्यायाधीश असतात. त्यांच्यापुढे जाता आलं असतं. भिंत गुडघ्याएवढीच तर आहे, असं म्हणून मी महिनाभर कूलर लावून दुपारची झोप काढली.

* * *

जूनमध्ये कोर्ट उघडलं. मी तावातावाने बोललो आणि जजसाहेबांनी हुकूम दिला, की दाव्याचा निकाल लागेपर्यंत जागेची परिस्थिती 'जैसे थे' ठेवावी. मी खूश! बाहेर येऊन चंद्रकलाबाईंना समजावलं, की स्टे मिळाला. आता जे जसं आहे ते तसंच राहील, त्याला कुणी हात लावू शकत नाही.

 त्या म्हणाल्या, "पण साहेब, भिंत तर सात फूट झाली."

सुट्टीतच झाली होती. त्या सांगायला दोनदा कन्हानहून मनीषनगरला येऊन गेल्या होत्या. साहेब झोपलेत म्हणून माझ्या घरून त्यांना परत पाठवलं होतं. आणि कोर्टात उभं राहण्याआधी मी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्या दिवशी वानखेडेने मला चहा पाजला. त्याची भिंत माझ्याच ऑर्डरने सुरक्षित झाली होती. टेबलावर हा किस्सा मी इथपर्यंत सांगतो आणि लोक पोट धरून हसतात.

* * *

पुढे कोर्ट कमिशनर जागा पाहायला गेले. चंद्रकलाबाईंनी सुतळी पुढे केली, पण त्यांच्याकडे टेप होता. त्यांनी भिंत मोजली, बोळ मोजला, मागच्या पायऱ्याही मोजल्या. रिपोर्टात शेवटी एक ओळ होती, 'अंगणात तीनचाकी सायकल आढळली, चाकांत हवा नाही, वापरात दिसत नाही.'

वानखेडेने ती ओळ उचलली आणि अर्धा तास बोलला. सायकल वापरातच नाही, तर रस्ता कशाला पाहिजे? मुद्दा इतका बिनतोड होता की उत्तर द्यायला मला पुढची तारीख घ्यावी लागली.

* * *

तोवर तीन न्यायाधीश बदलून गेले. चौथे आले आणि त्यांनी फाइल पहिल्या पानापासून काढली. चंद्रकलाबाई मागच्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आधीच्या साहेबाले विचारून घ्या ना जी. त्यांले सगळं माहीत आहे."

साहेब हसले. चांगले होते बिचारे. त्यांनीच ती केस मार्गी लावली.

* * *

आमचा मुख्य साक्षीदार म्हणजे चौकातला टपरीवाला. सुखदेवराव रोज येत होते, एवढंच त्याला सांगायचं होतं. उलटतपासात वानखेडेने विचारलं, रोज शंभर माणसं चहा पितात, मग हाच माणूस रोज यायचा हे कशावरून?

"त्याचा कप अलग होता," टपरीवाला म्हणाला. "कान असलेला. त्याले गिलास गरम लागे."

मग साहेबांनीच विचारलं, की गेल्या सहा वर्षांत ते आले का?

"नाही आले. कप आहे."

स्टेनोने साहेबांकडे पाहिलं. हे लिहायचं की नाही, ते तिला कळेना.

* * *

अकरा वर्षांनी निकाल लागला. आम्ही जिंकलो! शेजारी अपिलात गेला नाही. त्याचा तोपर्यंत उत्साह संपला होता. भिंत पाडायला कोर्टाचा बेलिफ निघाला तेव्हा मी माझी गाडी काढली आणि वानखेडेही सोबत बसला. कन्हानच्या चौकातून आम्ही न थांबता निघालो. रस्ता मस्त रुंद झालाय, असं तो म्हणालाही.

भिंत पडायला वीस मिनिटं लागली. चंद्रकलाबाईंनी जुनी सुतळी काढून मोकळ्या जागेवर धरली. जागा दोन्हीकडे वीतभर जास्तच होती. सायकलला नवे टायर लावून आणले होते. सुखदेवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. पंचनाम्यात 'रस्ता वापरास खुला' असं लिहायचं तर कुणीतरी त्यावरून जायला हवं, असं बेलिफ म्हणाला. सुखदेवराव कुणाची मदत न घेता हाताने पायडल फिरवत गेले आणि वळणावरून दिसेनासे झाले. चंद्रकलाबाई पदराने डोळे पुसत आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. मलाही भरून आलं, खोटं काहून बोलू.

चहाला उकळी यायच्या आत सायकल परत आली.

चौक मोठा करताना टपरी गेली होती, बाक गेले होते, सावलीचं झाड गेलं होतं. चौघा मित्रांपैकी दोघं वारले होते. उरलेले दोघं मुलांकडे राहायला गेले होते. हे सगळं चंद्रकलाबाईंना माहीत होतं. त्यांनी अकरा वर्षांत ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"काहून जी, लवकर आले?" त्यांनी दारातून विचारलं.

सुखदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सायकल माझ्यासमोर आणून थांबवली.

"साहेब," ते म्हणाले, "चौकावर स्टे नव्हता का घेता आला?"